सीसीटीव्हीचं सॉफ्टवेअर निवडताना: सोलापूरच्या कारखानदार-व्यापाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

सीसीटीव्हीचं कोटेशन मागवलं की पहिल्या ओळीत कॅमेऱ्यांची संख्या असते, दुसऱ्या ओळीत मेगापिक्सेल, आणि अगदी तळाशी ‘सॉफ्टवेअर: मोफत’ एवढंच लिहिलेलं असतं. घोळ होतो तो या शेवटच्या ओळीवरून. परगावचा व्यापारी फोन करतो, ‘बारा गाठी लिहिल्यात, उतरल्या दहाच.’ गाडी भरून तोवर बावीस दिवस झालेले असतात. त्या दिवशीचं, त्या दाराचं, गाठी मोजता येतील इतकं स्पष्ट चित्रण दहा मिनिटांत काढून पाठवता येतं का, यावरच सिस्टिमची किंमत ठरते.

अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतला कारखाना, चाटी गल्लीतलं दुकान, मार्केट यार्डातला गाळा अशा १० ते ६० कॅमेऱ्यांच्या व्यवसायांसाठी ही माहिती आहे. बँक, ज्वेलर्स आणि हॉस्पिटल यांचे नियम वेगळे असतात, ते इथे घेतलेले नाहीत.

आधी प्रश्न लिहा, मग कॅमेरे मोजा

एका कागदावर जागेचा कच्चा नकाशा काढा. प्रत्येक दार, काउंटर आणि लोडिंगच्या जागेपाशी लिहा की इथल्या चित्रणातून कोणत्या प्रश्नाचं उत्तर हवंय. ‘रात्री आवारात कोणी आलं का?’, ‘हा आपलाच कामगार का?’, ‘हा अनोळखी माणूस कोण?’, ‘गाडीचा नंबर काय?’ या चार प्रश्नांना चार वेगळ्या दर्जाचं चित्र लागतं.

यासाठी ईएन ६२६७६-४ या युरोपीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीतले आकडे वापरले जातात. चित्रातल्या एक मीटर रुंदीत किती पिक्सेल पडतात ते बघायचं. कोणी आहे एवढं कळायला २५, तो काय करतोय ते कळायला ६२.५, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. १९२० भागिले २५० म्हणजे साधारण ७.७ मीटर. त्याहून रुंद दृश्य घेतलंत तर अनोळखी चेहऱ्याची खात्री देता येणार नाही. चार मेगापिक्सेलला (२५६० पिक्सेल) हीच मर्यादा १०.२ मीटर.

२.८ मिमीची लेन्स अंतराच्या जवळजवळ दुप्पट रुंदीचं दृश्य घेते, म्हणजे दोन मेगापिक्सेलवर चेहरा चार मीटरपर्यंतच. ६ मिमीच्या लेन्सला तोच कॅमेरा साडेआठ मीटरपर्यंत काम देतो. सगळीकडे २.८ मिमी लावायची सवय आहे, कारण टीव्हीवर ‘सगळं दिसतं’ म्हणून गिऱ्हाईक खूश होतं. गेटवर मात्र एक रुंद आणि एक लांब लेन्सचा, असे दोन कॅमेरे लावा. नंबर प्लेटसाठी तिसरा वेगळा. रात्री हेडलाइटसमोर प्लेट वाचायची तर शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान लागतं, आणि त्या शटरवर बाकीचं दृश्य काळंच दिसतं. एकाच कॅमेऱ्यात दोन्ही कामं होत नाहीत.

तीन वाटा

पहिली वाट एनव्हीआर (नेटवर्कवरच्या आयपी कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) किंवा डीव्हीआर (कोॲक्सिअल केबलवरच्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) या डब्याची. त्यातच कंपनीचं सॉफ्टवेअर आणि मोबाइल अॅप येतं. एकाच जागी ३२ पर्यंत कॅमेरे, एकाच कंपनीचे, आणि बघणारे दोन-तीन जण असतील तर हे पुरेसं आहे. जुनी कोॲक्सिअल केबल चांगल्या स्थितीत असेल तर डीव्हीआर ठेवायलाही हरकत नाही. नवीन वायरिंग करायचीच असेल तर कॅट-६ आणि आयपी कॅमेरे घ्या.

दुसरी वाट व्हीएमएसची, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या स्वतंत्र सॉफ्टवेअरची. माइलस्टोन आणि जेनेटेक ही परदेशी नावं. वडोदऱ्याची मॅट्रिक्स आणि कोलकात्याची व्हिडिओनेटिक्स या भारतीय कंपन्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे, दोन-तीन ठिकाणं, दहा-बारा बघणारे आणि प्रत्येकाला वेगळे अधिकार अशी गरज असेल तर ही वाट धरा. झोनमाइंडर, फ्रिगेट ही मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि चांगलीही आहेत, पण घरात लिनक्स सांभाळणारा माणूस असेल तरच. वायरमन ते दुरुस्त करणार नाही.

तिसरी वाट क्लाउडची. इथे आधी इंटरनेटचं गणित करा. १६ कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) चोवीस तास वर पाठवायचे तर सलग ३२ एमबीपीएस अपलोड लागतो आणि दिवसाला ३४५ जीबी जातात, महिन्याला १० टीबीच्या वर. ‘अमर्याद’ म्हणून मिळणाऱ्या अनेक ब्रॉडबँड प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा बारीक अक्षरांत असते. त्यामुळे रेकॉर्डिंग जागेवर ठेवा आणि महत्त्वाच्या दोन-तीन कॅमेऱ्यांची प्रतच क्लाउडवर पाठवा. पाच-सहा कॅमेऱ्यांच्या दुकानाला मात्र पूर्ण क्लाउड परवडू शकतो.

एमआयडीसीत कारखाना आणि गावात दुकान असेल तर सगळं चित्रण एकीकडे ओढत बसू नका. प्रत्येक ठिकाणी आपापला रेकॉर्डर ठेवा, मध्यवर्ती सॉफ्टवेअरमधून फक्त बघा आणि शोधा. इंटरनेट तुटलं तरी रेकॉर्डिंग चालू राहतं, आणि थेट बघायला सबस्ट्रीम (त्याच कॅमेऱ्याचं कमी दर्जाचं, हलकं चित्र) पुरते. आठ कॅमेरे अर्ध्या एमबीपीएसने म्हणजे अवघे ४ एमबीपीएस.

हार्डडिस्कचं गणित स्वतः करा

सूत्र एकच पाठ करा: १ एमबीपीएसचा कॅमेरा चोवीस तासांत १०.८ जीबी खातो.

समजा टॉवेलच्या कारखान्यात २४ कॅमेरे आहेत. १८ कॅमेरे दोन मेगापिक्सेलचे, एच.२६५ वर (चित्रण दाबून लहान करायची पद्धत) २ एमबीपीएस, म्हणजे ३६. सहा कॅमेरे चार मेगापिक्सेलचे, ४ एमबीपीएस, म्हणजे २४. एकूण ६० एमबीपीएस. त्याला १०.८ ने गुणलं की दिवसाला ६४८ जीबी, तीस दिवसांना १९.४ टीबी. वर वीस टक्के जादा जागा ठेवा, म्हणजे २३.३. आठ टीबीच्या तीन डिस्क लागल्या. एक डिस्क गेली तरी चित्रण टिकावं असं वाटत असेल तर रेड-५ मध्ये चार. स्क्रीनवर ८ टीबीची डिस्क ७.२८ दिसते. ती फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे.

विक्रेत्याचं गणित बहुतेक वेळा याच्या निम्मं येतं, कारण तो ‘मोशन रेकॉर्डिंग’ धरतो: हालचाल झाली तरच साठवायचं. गोदामात हे बरोबर आहे. मागाच्या शेडमध्ये नाही. तिथे माग चालू असेपर्यंत चित्र हलतच असतं, म्हणजे रेकॉर्डिंग दोन्ही पाळ्या चालू. ‘स्मार्ट कोडेक’चंही तेच. स्थिर दृश्यात तो जागा वाचवतो, हलत्या यंत्रांपुढे त्याचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय स्मार्ट कोडेक चालू असताना दुसऱ्या कंपनीच्या व्हीएमएसमध्ये चित्रण मागे-पुढे करताना अडकतं. शेडसाठी सलग रेकॉर्डिंग, साधा एच.२६५ आणि सेकंदाला १२ ते १५ फ्रेम ठेवा. पैसे मोजायच्या काउंटरला २५ फ्रेम.

एनव्हीआरवर ‘३२ चॅनेल’ लिहिलेलं असतं, पण आत येणाऱ्या एकूण बँडविड्थची मर्यादा माहितीपत्रकात खाली असते. ती ८० एमबीपीएस असेल तर वरचे २४ कॅमेरे बसतील, आणखी सहा चार-मेगापिक्सेल जोडले की संपलं. त्यानंतर इन्स्टॉलर प्रत्येक कॅमेऱ्याचा बिटरेट (एमबीपीएसचा आकडा) गुपचूप उतरवतो आणि चेहरे पुसट होतात. १६० किंवा त्याहून मोठी मर्यादा मागा.

डिस्क सर्व्हेलन्ससाठी बनवलेलीच घ्या: वेस्टर्न डिजिटलची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक. पीसीची साधी डिस्क चोवीस तास लिहायला बनवलेली नसते.

‘कुठलाही कॅमेरा चालतो’

ऑनव्हीफ हे मानक २००८ मध्ये अॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी सुरू केलं, वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलावीत म्हणून. ‘ऑनव्हीफ आहे’ म्हणजे चित्र दिसेल. माणूस-गाडी वेगळी ओळखण्याचा इशारा, कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डवरचं रेकॉर्डिंग मागे ओढून घेणं, गेटवरून दोन्ही बाजूंनी बोलणं ही कामं होतीलच असं नाही. म्हणून ऑनव्हीफचं प्रोफाइल (ठरावीक कामांचा संच) कोणतं ते विचारा. एच.२६५ आणि हालचालीच्या इशाऱ्यांसाठी प्रोफाइल टी, कार्डवरच्या रेकॉर्डिंगसाठी जी, विश्लेषणाच्या माहितीसाठी एम. व्हीएमएस कंपनीच्या साइटवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांची यादी असते. त्यात तुमचं नेमकं मॉडेल आणि फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) आहे का ते इन्स्टॉलरला समोर बसवून बघा.

लायसन्सचे प्रकार दोन: कॅमेऱ्यामागे एकदाच पैसे, किंवा दरवर्षी वर्गणी. एकदाच पैसे भरले तरी नवीन आवृत्त्यांसाठी बहुधा वेगळा वार्षिक करार असतो. पाच वर्षांचा एकूण खर्च मागा. सर्व्हर बदलला तर लायसन्स त्यावर नेता येतं का आणि त्याला पैसे पडतात का, हेही लेखी घ्या. चार लेन्सच्या कॅमेऱ्याला काही कंपन्या एक लायसन्स मोजतात, काही चार.

बघायचा पीसी हा नेहमी विसरला जाणारा खर्च. चार मेगापिक्सेलचे सोळा चौकोन एच.२६५ मध्ये एकदम उलगडायला चांगला ग्राफिक्स लागतो. दिवाणजींच्या टॅलीच्या पीसीवर क्लायंट (चित्र बघायचं सॉफ्टवेअर) टाकून दिला की टॅलीही अडकते आणि चित्रही. सोळा चौकोनांना सबस्ट्रीम आणि मोठ्या चौकोनाला मुख्य स्ट्रीम अशी मांडणी सॉफ्टवेअर आपोआप करतं का, ते बघा.

ऊन, तंतू, वीज

एप्रिल-मे मध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो, आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून बराच जास्त. बऱ्याच एनव्हीआरची मर्यादा ५५ अंशांच्या आसपास असते. माळ्यावर किंवा काउंटरखालच्या बंद कप्प्यात ठेवलेला एनव्हीआर मे महिन्यात आपोआप बंद-चालू होऊ लागतो आणि सगळे सॉफ्टवेअरला दोष देतात. तो ऑफिसात, जाळीच्या रॅकमध्ये, दोन्ही बाजूंना हवा राहील असा ठेवा. हार्डडिस्कचं तापमान सॉफ्टवेअरमध्ये दिसतं का आणि ठरावीक मर्यादेवर इशारा येतो का, हा निवडीचा एक निकष धरा.

यंत्रमागाच्या शेडमध्ये कापसाचे तंतू दोन आठवड्यांत कॅमेऱ्याच्या काचेवर बसतात. रात्री इन्फ्रारेड दिवा त्या तंतूंवर आणि कोळ्याच्या जाळ्यांवर चमकतो, चित्र पांढरं होतं आणि हालचालीचे खोटे इशारे येत राहतात. इन्फ्रारेड दिवा लेन्सपासून लांब असलेला बुलेट कॅमेरा घुमटाकार कॅमेऱ्यापेक्षा इथे बरा. मागांच्या थरथरीने छताच्या कैच्यांवरचा कॅमेरा हलतो, म्हणून तो भिंतीवर घ्या. ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकत असतील तर सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ राहिलंय, ते ५० करा.

कॅट-६ ची एक ओळ १०० मीटरपर्यंतच. केबल शुद्ध तांब्याची घ्या; ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल लांब पल्ल्यावर पीओईची (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्याला जाणारी) वीज पोचू देत नाही, आणि नेमकं रात्री इन्फ्रारेड चालू झालं की कॅमेरा पडतो. दिवसा सगळं ठीक! हा दोष शोधण्यात लोकांचे महिने जातात. ऑफिस ते गोदाम हा पल्ला फायबरने जोडा. अंतर कमी असलं तरी, कारण वळवाच्या पावसातली वीज तांब्यावरून एका इमारतीतून दुसरीत शिरते आणि नेटवर्क स्विचसकट सगळं नेते.

बॅकअपचं गणित: १६ कॅमेरे रात्री प्रत्येकी ८ वॉट, म्हणजे १२८. स्विच, एनव्हीआर आणि इंटरनेटचा डबा धरून २०० वॉट. १५० एएचच्या एका १२ व्होल्ट बॅटरीवर सगळी गळती वजा जाता सुमारे पाच तास निघतात. त्याच इन्व्हर्टरवर ऑफिसचे पंखे टाकले तर दोन तासही निघणार नाहीत.

चावी कुणाच्या हातात

इन्स्टॉलर सिस्टिम बसवतो, अॅपवर खातं स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडतो आणि तुम्हाला ‘शेअर’ करतो. म्हणजे तुमच्या कारखान्याचा मालक कागदोपत्री तुम्ही, अॅपमध्ये तो. पहिल्याच दिवशी कंपनीच्या ईमेलवर मूळ खातं उघडून घ्या, इन्स्टॉलरला मर्यादित खातं द्या आणि काम झाल्यावर ते बंद करा. मुख्य पासवर्ड पाकिटात घालून तिजोरीत ठेवा. सगळ्यांसाठी एकच ‘अॅडमिन’ खातं नको. कोणी कधी काय बघितलं, काय पुसलं याची नोंद प्रत्येकाचं खातं वेगळं असेल तरच अर्थपूर्ण असते.

राउटरवर पोर्ट उघडून (म्हणजे इंटरनेटवरून थेट आत यायची वाट मोकळी करून) बाहेरून बघायची पद्धत सोडा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर जगभर ताब्यात घेतले आणि त्यांच्याच जोरावर मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. व्हीपीएन (इंटरनेटवरची खासगी, बंदिस्त वाट) वापरा, किंवा निर्मात्याची सेवा दुहेरी पडताळणीसह. कॅमेऱ्यांचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून व्हीलॅनने (एकाच स्विचवर केलेल्या वेगळ्या कप्प्याने) वेगळं ठेवा.

भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना एप्रिल २०२५ पासून सुरक्षिततेच्या ठरावीक निकषांची तपासणी बंधनकारक आहे. अगदी स्वस्तात माल मिळत असेल तर त्या मॉडेल नंबरचं प्रमाणपत्र मागा.

पोलीस ठाण्यात आणि कोर्टात

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक नोंद देणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहायचं असतं. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा. एक फ्रेम बदलली तरी तो बदलतो. म्हणून सॉफ्टवेअरने मूळ स्वरूपात निर्यात, सोबत प्लेअर आणि शक्यतो हॅश दिलं पाहिजे. स्क्रीनचं मोबाइलवर शूटिंग करून व्हॉट्सअॅपवर पाठवलेली फाइल लहान होते, तिची वेळ बदलते. ती मूळ नोंद राहत नाही. घटना घडताच तेवढा भाग ‘लॉक’ करता आला पाहिजे, नाहीतर तीस दिवसांनी त्यावर नवीन चित्रण चढतं.

वेळेची गंमत वेगळीच. बरेच डबे चीनच्या वेळेवर, म्हणजे आठ तास पुढच्या वेळेवर सेट होऊन येतात, आणि आपली साडेपाच. चित्रणावर अडीच तासांचा फरक, आणि आरोपीचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. टाइम झोन तपासा आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या टाइम सर्व्हरशी एनव्हीआर जोडा. कॅमेऱ्यांनी वेळ एनव्हीआरकडून घ्यावी.

स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली यांत कॅमेरा नाही म्हणजे नाही. संमतीशिवाय खासगी अवयवांचं चित्रण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवणकामाच्या युनिटमध्ये बायकांच्या विश्रांतीच्या कोपऱ्यावर कॅमेरा वळलेला असतो, तिथे प्रायव्हसी मास्क (चित्राचा तेवढा भाग झाकणारी सेटिंग) टाका. माइक बंद ठेवा. दारावर मराठीत फलक लावा. आपल्याकडे तेलुगू आणि कन्नड बोलणारे कामगार भरपूर आहेत, त्या भाषांतही लावा.

विकत घेण्याआधी सात दिवस चालवा

शोरूममधला डेमो बघून निर्णय घेऊ नका. आपल्याच जागी, आपल्याच चार कॅमेऱ्यांवर सात दिवस चालवून घ्या: गेट, काउंटर, शेड, लोडिंग. सातव्या दिवशी विक्रेत्याला बाजूला बसवा आणि जो माणूस रोज सिस्टिम वापरणार आहे त्याच्याकडून ही कामं करून घ्या.

१. तीन दिवसांपूर्वी दुपारी गेटमधून गेलेली एक ठरावीक गाडी शोधा. पाच मिनिटांच्या आत सापडली पाहिजे.

२. त्या गाडीचं दहा मिनिटांचं चित्रण पेन ड्राइव्हवर काढा आणि सॉफ्टवेअर नसलेल्या दुसऱ्या पीसीवर चालवा.

३. एका कॅमेऱ्याची केबल उपसा. मोबाइलवर इशारा किती वेळात येतो ते घड्याळ लावून बघा. दोन मिनिटांच्या वर नको.

४. इंटरनेट बंद करा, मग मेन स्विच. वीज परतल्यावर कोणी हात न लावता रेकॉर्डिंग सुरू झालं का?

५. वॉचमनच्या खात्यातून जुनं चित्रण पुसायचा प्रयत्न करा. पुसता आलं तर अधिकारांची मांडणी चुकली.

६. रात्री दोनचं चित्र मोठं करून बघा. डेमो नेहमी दुपारी देतात.

गेटच्या कॅमेऱ्यात १२८ जीबीचं कार्ड टाकलंत तर २ एमबीपीएसला पाचएक दिवसांचं चित्रण तिथेच राहतं. चोर एनव्हीआरच उचलून घेऊन जातात, तेव्हा हे कार्ड कामी येतं.

कोटेशनमध्ये हे लेखी घ्या

प्रत्येक कॅमेऱ्याचा मॉडेल नंबर, बिटरेट, फ्रेम. साठवणीचे दिवस, ‘अंदाजे’ हा शब्द न लिहिता. लायसन्स कोणाच्या नावावर. पासवर्ड आणि केबलचा नकाशा हस्तांतर. बिघाड कळवल्यापासून किती तासांत माणूस येणार. पुण्याहून येणारा इंजिनीअर आणि होटगी रोडवर राहणारा टेक्निशियन यांच्या एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) दरात फरक असेल, पण मार्चअखेरच्या घाईत एनव्हीआर बंद पडला तर तो फरक त्या एका दिवसातच वसूल होतो. एएमसीत काचा पुसणं किती वेळा, हेही लिहा. शेडमध्ये पंधरा दिवसांतून एकदा, दुकानात तिमाहीला.

रकमेचे दहा टक्के एकतीस दिवस राखून ठेवा. एकतिसाव्या दिवशी पहिल्या दिवसाचं चित्रण उघडा. प्रत्येक कॅमेऱ्याचं दिसलं तर चेक द्या. एकाचंही गायब असेल तर आधी डिस्क वाढवून घ्या.